एडिटिंगआधी फुटेज बदलून घ्यावं का? घ्यायचं तर कशात? (फोन, हँडीकॅम, स्क्रीन रेकॉर्डिंग सगळं एकत्र आहे)

पडद्यामागची

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी आजीच्या आठवणी रेकॉर्ड करतेय. तिचं वय ९१. आता त्यातून तासाभराची फिल्म जुळवायला बसले, तर पाच दिवसांत एकही कट धड लागलेला नाही. आजवर छोट्या क्लिपा जोडण्यापलीकडे एडिटिंग केलेलं नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी कृपया मदत करावी.

फुटेज चार ठिकाणांहून आलंय. सगळ्यात जास्त, म्हणजे दोन तास, माझ्या फोनवरचं. पस्तीस मिनिटं काकांच्या जुन्या हँडीकॅमवरची, त्या फाइली एमटीएस आहेत. आजी आणि तिची धाकटी बहीण यांचा एक लांबलचक व्हिडिओ कॉल मी ओबीएसवर (स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड केला होता, तो एमकेव्ही. आणि मामेबहिणीनं तिच्या आयफोनवर काढलेली दहा मिनिटं.

फोनचं फुटेज टाइमलाइनवर मागेपुढे केलं की अडकत चालतं. शिवाय सुरुवातीला ओठ आणि आवाज नीट जुळतात, पण पुढे पुढे आवाज मागे पडत जातो. चाळिसाव्या मिनिटाला आजी बोलायची थांबते आणि चष्म्याची डबी मिटते. चित्रात डबी मिटते, आणि ‘टक्’ दीड सेकंदानं ऐकू येतं. हँडीकॅमच्या चित्रात हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. एमकेव्ही माझं सॉफ्टवेअर आत घेतच नाही. आयफोनच्या क्लिपांत आजीचा चेहरा पांढराफटक.

नेटवर सापडलेल्या एका कन्व्हर्टरमधून सगळं सरसकट एमपी४ करून पाहिलं. रात्रभर मशीन चाललं. आवाज होता तसाच सुटतोय, आणि चित्र आधीपेक्षा मऊ झालंय. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या कुणी बोटानं पुसल्यासारख्या वाटतात. मूळ फाइली मात्र सगळ्या जपून ठेवल्यात.

लॅपटॉप पाच वर्षांचा, रॅम १६ जीबी, बाहेरच्या डिस्कवर ४०० जीबी जागा मोकळी. काय करू?

टर्मिनलवाला

मूळ फाइली आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. बदललेल्या सगळ्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुन्हा त्यांच्याकडे वळू नका.

आता चारही प्रकारांतली एकेक मूळ फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा (फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आणि एवढं इथे लिहा: कोडेक कोणता, फ्रेम रेट किती, फ्रेम रेट मोड कॉन्स्टंट की व्हेरिएबल, स्कॅन टाइप, रिझोल्यूशन, बिट डेप्थ, कलर प्रायमरीज आणि ट्रान्स्फर, ऑडिओ ट्रॅक किती. हे कळेपर्यंत कुणी काहीही सुचवलं तरी ते अंदाजपंचे असेल.

पडद्यामागची

इतक्या लगेच उत्तर! आभार. हे घ्या.

फोन: एच.२६४, १९२०×१०८०, ८ बिट, फ्रेम रेट मोड व्हेरिएबल, सरासरी २९.९८.

हँडीकॅम: एच.२६४, १४४०×१०८० (पण डिस्प्ले १६:९ म्हणतोय), फ्रेम रेट २५, इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट. एकाच प्रसंगाच्या तीन फाइली आहेत. पहिल्या दोन अगदी सारख्या आकाराच्या, तिसरी लहान.

स्क्रीन रेकॉर्डिंग: एच.२६४, १९२०×१०८०, कॉन्स्टंट ३०, ऑडिओ ट्रॅक दोन.

आयफोन: एचईव्हीसी, १९२०×१०८०, १० बिट, बीटी.२०२०, एचएलजी. यातही व्हेरिएबलच लिहिलंय.

जुनीकात्री

ताई, तुमच्याकडे चार वेगळे आजार आहेत आणि तुम्ही चौघांना एकच औषध दिलंत. म्हणून गुण आला नाही. एकेक करून बघू. पण आधी दोन गोष्टी मनात पक्क्या करून घ्या, पुढची निम्मी वाट तिथेच मोकळी होते.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एमटीएस ही पाकिटं आहेत. पाकिटातलं पत्र कोणत्या लिपीत लिहिलंय तो कोडेक: एच.२६४, एचईव्हीसी, प्रोरेस, डीएनएक्सएचआर. तुमच्या चारपैकी तीन पाकिटांत तेच एच.२६४ आहे. सॉफ्टवेअरला पाकीट उघडता येत नसेल तर पाकीट बदलायचं, पत्राला हात लावायचा नाही. लिपीच वाचवत नसेल तर पत्र पुन्हा लिहून काढावं लागतं, आणि पुन्हा लिहिताना काहीतरी गळतं. तुमच्या कन्व्हर्टरनं सगळी पत्रं पुन्हा लिहिली, तीही त्याच काटकसरीच्या लिपीत. सुरकुत्या तिथे गेल्या.

दुसरी गोष्ट, टाइमलाइन का अडकते. एच.२६४ हे मानक २००३ सालचं. कमी जागेत चित्र पोचवणं हा त्याचा उद्देश, कापाकापी हा नव्हे. हिशोबाच्या वहीत ओळीखाली ‘ऐजन’ लिहितात ना, तसं ते चालतं. एक फ्रेम पूर्ण लिहायची, आणि पुढच्या पंचवीस-तीस फ्रेममध्ये ‘ऐजन, फक्त डोळ्याची पापणी हलली’ एवढंच. काही फ्रेम तर पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत वही वाचत गेलात तर काहीच अडचण नाही. पण तुम्ही टाइमलाइनवर मधल्या एका फ्रेमवर बोट ठेवता, तेव्हा मशीनला मागे जाऊन पूर्ण लिहिलेली ओळ शोधावी लागते आणि तिथून सगळे ‘ऐजन’ सोडवत यावं लागतं. उलटं चालवलंत की प्रत्येक फ्रेमला हीच यातायात. एचईव्हीसीत जागा आणखी वाचते, त्यामुळे सोडवण्याचं काम आणखी वाढतं.

म्हणून एडिटिंगसाठी वेगळे कोडेक निघाले. ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४ चा, ॲपलचा प्रोरेस २००७ चा. ४के आलं तसा डीएनएक्सएचडीचा मोठा भाऊ डीएनएक्सएचआर आला. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण लिहिलेली. ऐजन नाहीच. फाइल फुगते, पण मशीनचं डोकं मोकळं राहतं.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो. प्रोरेस केलं म्हणून चित्र सुधारत नाही. आठ बिटचं फुटेज दहा बिटांच्या भांड्यात ओतलंत तरी आत आठ बिटच. फायदा एवढाच, की तिथून पुढे रंग केले, रेंडर केलं, तरी आणखी झीज जाणवत नाही.

टर्मिनलवाला

कात्रीकाकांनी ऐजनचं काय चपखल सांगितलं! मी पाच वर्षं लोकांना आय फ्रेम, पी फ्रेम, बी फ्रेम सांगत बसलो.

मी एमकेव्ही घेतो, कारण ते सगळ्यात सोपं. तिथे फक्त पाकीट बदला. एफएफएमपेगमध्ये (कमांड लिहून चालवायचं रूपांतराचं साधन) कोडेकच्या जागी ‘कॉपी’ लिहायचं आणि बाहेर पडणाऱ्या फाइलला एमओव्ही नाव द्यायचं. तासाभराची फाइल मिनिटाच्या आत होते, कारण आत काही शिजतच नाही, डेटा इकडून उचलून तिकडे ठेवला जातो. ओबीएसमध्येही फाइल मेनूत ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे, तेच काम करतं.

पण थांबा. तुमच्या फाइलीत ऑडिओ ट्रॅक दोन आहेत. एकावर तुमच्या खोलीतला माइक असेल आणि दुसऱ्यावर कॉलमधून येणारा आवाज, म्हणजे आजीच्या बहिणीचा. एफएफएमपेगला काहीच सांगितलं नाही तर तो एक व्हिडिओ आणि एकच ऑडिओ उचलतो, बाकीचं मुकाट्यानं सोडून देतो. चूक म्हणून काही दाखवतही नाही. त्याला ‘मॅप शून्य’ असं सांगावं लागतं, मग सगळे ट्रॅक येतात. तुमच्या रात्रभराच्या प्रयोगात दुसरा ट्रॅक टिकला होता का, ते एकदा ऐकून बघा.

आणि ‘कॉपी’मध्ये खरंच काही बदलत नाही ना, अशी शंका असेल तर पडताळता येतं. एफएफएमपेगमध्ये फ्रेमएमडी५ नावाचा प्रकार आहे. तो प्रत्येक फ्रेमचा एकेक ठसा काढून यादी देतो. जुन्या आणि नव्या फाइलीची यादी शेजारी ठेवा. चित्राच्या फ्रेमचे ठसे तंतोतंत तेच निघतात.

अजून एक. ओबीएसवर एमकेव्हीत रेकॉर्ड केलंत हे उत्तम केलंत. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच मशीन बंद पडलं तर अनुक्रमणिकेवाचून अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही जिथवर रेकॉर्ड झालं तिथवर वाचता येते.

पडद्यामागची

टर्मिनलवाला, आत्ता ऐकून आले. नव्हता! बदललेल्या फाइलीत मावशीआजीचा आवाज अजिबात नाही. माझ्या माइकनं स्पीकरमधून जे अंधुक टिपलं तेवढंच. आणि मी समजत होते की कॉलच खराब होता. मूळ एमकेव्हीत तिचा आवाज इतका स्पष्ट आहे की ती हुंकार देते तोही ऐकू येतो.

रिमक्स केलं. दोन्ही ट्रॅक आले, सॉफ्टवेअरनं फाइल घेतली.

जुनीकात्री

छान. आता चष्म्याची डबी.

व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणजे फोन दर सेकंदाला मोजून तीस फ्रेम काढत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो थोड्या कमी काढतो, आणि प्रत्येक फ्रेमवर ‘ही अमुक क्षणाची’ असा शिक्का मारून ठेवतो. व्हिडिओ प्लेअर तो शिक्का वाचतो, म्हणून फोनवर पाहताना सगळं जुळलेलं दिसतं. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर शिक्क्यांकडे न बघता फ्रेमा ३० च्या हिशोबानं ओळीनं मांडतात.

तुमचाच हिशोब करा. चाळीस मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. २९.९८ नं फ्रेमा झाल्या ७१,९५२. त्या सेकंदाला ३० प्रमाणे मांडल्या तर २३९८.४ सेकंदांत संपल्या. चित्र १.६ सेकंद आधी पोचलं, आवाज आपल्या वेळेवर आला. तुमचं ‘टक्’ तेवढंच मागे आहे.

काही जण सांगतील की क्लिपचा वेग जरा कमी करा, जुळेल. त्या वाटेला जाऊ नका. तूट सगळीकडे सारखी पसरलेली नसते. आजी खिडकीशी बसली होती तिथे फोननं तीस पूर्ण काढल्या असतील आणि संध्याकाळी आतल्या खोलीत कमी. शेवट जुळवलात तर मधलं सुटेल.

उपाय एकच: शिक्के वाचणाऱ्या साधनाकडून ते फुटेज कॉन्स्टंट ३० करून घ्यायचं. जिथे फ्रेम कमी पडते तिथे ते शेजारची दुसऱ्यांदा ठेवतं, जास्त झाली तर एक काढतं, वेळ मात्र हलू देत नाही. एफएफएमपेग हे करतो. त्याच वेळी प्रोरेस ४२२ करून घ्या म्हणजे अडकणंही संपेल. आवाज पीसीएममध्ये (म्हणजे न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ.

हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरणाऱ्यांसाठी: तिथे फ्रेम रेटशेजारी ‘पीक’ आणि ‘कॉन्स्टंट’ असे पर्याय असतात. पीक ठेवलंत तर फाइल पुन्हा व्हेरिएबलच बाहेर येते, आणि आपण समजतो की रूपांतर झालं. शिवाय हँडब्रेक मुख्यतः दाखवण्याच्या प्रती बनवण्यासाठी आहे. कमांड लिहायची नसेल तर शटर एन्कोडर बघा. आत एफएफएमपेगच चालतो, वर बटणं आहेत, आणि फुकट आहे.

फाइल तयार झाली की तपासताना सुरुवात बघू नका. सुरुवात नेहमीच जुळते. सरळ शेवटच्या मिनिटावर जा.

धीम्यागती

थोडा वेगळा विचार मांडतो. सगळं प्रोरेस करून डिस्क भरायची कशाला? प्रॉक्सी करा. छोट्या हलक्या प्रतींवर एडिट करायचं आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइली लावतं. मी बरीच वर्षं असंच करतोय, मूळ फुटेज पुन्हा लिहायची वेळच येत नाही.

जुनीकात्री

धीम्यागती, कॉन्स्टंट फुटेज असेल तर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ताईंच्या स्क्रीन रेकॉर्डिंगला मीही प्रॉक्सीच सुचवीन. पण प्रॉक्सीचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा असतो: प्रॉक्सीतली दहा हजारावी फ्रेम तीच मूळ फाइलीतली दहा हजारावी. व्हेरिएबल फाइलीची प्रॉक्सी कॉन्स्टंट झाली की हे मोडतं. दोन महिने प्रॉक्सीवर ओठ जुळलेले बघाल, आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल आली की सगळं पुन्हा सुटेल. तेही सगळ्यात शेवटी, जेव्हा सुधारायला वेळ नसतो.

म्हणून फोनचं आधी कॉन्स्टंट करायचं आणि तीच फाइल मूळ मानून पुढे जायचं. लॅपटॉपला तीही जड गेली तर तिची प्रॉक्सी.

धीम्यागती

पटलं. माझं सगळं फुटेज कॅमेऱ्याचं असतं, कॉन्स्टंट. त्यामुळे हा अनुभव कधी आला नव्हता.

प्रॉक्सी करणाऱ्यांनी एवढं पाळावं: नाव तेच, फ्रेम रेट तोच, लांबी तीच, आणि ऑडिओ चॅनेल तितकेच. चॅनेल कमीजास्त झाले की सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडायला नकार देतं, किंवा जोडतं आणि आवाज भलत्याच ट्रॅकवर जातो.

फीतफिरकी

हँडीकॅमसाठी खास लॉगिन केलं. जुन्या कॅमेऱ्यांचं फुटेज सोडवणं हा माझा रोजचा उद्योग आहे आणि त्यावर माझा फार जीव आहे.

ताई, त्या रेघा म्हणजे बिघाड नव्हे. इंटरलेस्ड चित्रात कॅमेरा एका वेळी पूर्ण चित्र घेत नाही. आधी एकाआड एक ५४० ओळी, मग एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ५४०. तेवढ्यात आजीचा हात थोडा सरकलेला असतो. दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत गुंफून दाखवली की हाताच्या कडेला कंगवा दिसणारच. जुन्या काचेच्या टीव्हीवर ती अर्धी चित्रं खरोखर एकामागून एक उमटत, म्हणून तिथे काही दिसत नसे.

मीडियाइन्फो २५ म्हणतो, पण आत सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण आहेत. बहुतेक कन्व्हर्टर प्रत्येक जोडीतला एक टाकून देतात आणि २५ ठेवतात. तसं करू नका. डीइंटरलेस करताना, म्हणजे ही गुंफण सोडवताना, प्रत्येक फील्डची (अर्ध्या चित्राची) एक फ्रेम करा, म्हणजे ५० पूर्ण फ्रेमचं, प्रोग्रेसिव्ह फुटेज मिळेल. एफएफएमपेगमध्ये यासाठी यादिफ आहे, त्याहून चांगला बीडब्ल्यूडिफ. वेळ आणि चिकाटी असेल तर एव्हीसिंथवरचं क्यूटीजीएमसी. त्याच्या तोडीचं मी दुसरं पाहिलेलं नाही, पण ते फार सावकाश चालतं.

तुमची टाइमलाइन फोनमुळे ३० ची राहणार. २५ मधून ३० करायला दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि हालचाल ठेचकाळते. ५० मधून ३० निवडताना हाताशी क्षण जास्त असतात, त्यामुळे ठेच कमी लागते. पूर्ण जाणार नाही, पण बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रात सहसा जाणवत नाही.

१४४०×१०८० चं कोडं असं: त्या कॅमेऱ्यात पिक्सेल चौकोनी नाहीत, आडवे लांबट आहेत. दाखवताना ते ताणून १९२० करायचे असतात. काही सॉफ्टवेअर ताणायचं विसरतं आणि माणसं उंच, चिमटलेली दिसतात. त्यामुळे याच वेळी १९२०×१०८० करून चौकोनी पिक्सेल घ्या. क्रम मात्र नेहमी हाच: आधी डीइंटरलेस, मग आकार बदलणं. उलटं करून चित्राची उंची बदललीत तर दोन अर्धी चित्रं एकमेकांत कालवली जातात आणि ती पुन्हा सोडवता येत नाहीत.

शेवटचं, आणि हे माझ्या अंगावर शेकलेलं आहे. तीन फाइली म्हणजे तीन शॉट नव्हेत. कार्डावरच्या फाइल सिस्टीममध्ये फाइलीला आकाराची मर्यादा असते, म्हणून कॅमेरा लांब शॉट तोडून ठेवतो. पहिल्या दोन सारख्या आकाराच्या आहेत त्या म्हणूनच. मी एकदा एका कुटुंबाचं असंच फुटेज घेतलं, प्रत्येक तुकडा वेगवेगळा बदलला आणि टाइमलाइनवर जोडला. दोन्ही जोडांवर आवाजाचा बारीक तुकडा गायब. एका जोडावर घरातले आजोबा नातवाला नावानं हाक मारत होते, त्या नावाचं पहिलं अक्षरच गेलं. तोवर कार्ड पुसलं होतं, पण सुदैवानं तुकडे तसेच्या तसे कॉपी केलेले होते. तेव्हा कळलं, की आधी तिन्ही तुकडे क्रमानं बाइटला बाइट लावून एक सलग एमटीएस करायची आणि मग ती बदलायची. तसं केल्यावर हाक पूर्ण ऐकू आली.

आणि कार्डावरून फक्त एमटीएस उचलू नका, आतलं संपूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. कोणता तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद बाजूच्या छोट्या फाइलींत असते. पूर्ण रचना असेल तर काही एडिटिंग सॉफ्टवेअर तुकडे आपोआप जोडून घेतं.

रंगरेषा

आयफोनचं माझ्याकडे. चेहरा पांढराफटक दिसतो कारण ते फुटेज एचडीआर आहे, म्हणजे त्यात उजेडाचा पल्ला नेहमीपेक्षा मोठा असतो. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोन डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकारात रेकॉर्ड करू शकतो आणि त्याचा पाया एचएलजी (उजेड आकड्यांत मांडायची एचडीआरची पद्धत) असतो. तुमची टाइमलाइन साधी, रेक.७०९ ची. एचएलजीचे आकडे रेक.७०९ समजून वाचले की उजळ भाग फुटतात.

माहिती गेलेली नाही, चुकीची वाचली जातेय. सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपची इनपुट कलर स्पेस रेक.२१०० एचएलजी अशी सांगा आणि टाइमलाइन रेक.७०९ ठेवा. चेहऱ्यावरचा रंग लगेच परत येईल.

बदलून घेताना मात्र सांभाळा. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. एचएलजी ८ बिटमध्ये कोंबलं आणि मग रंग सुधारायला बसलात तर मागच्या भिंतीवर पट्टे उमटतात. म्हणून हे फुटेज १० बिटमध्येच ठेवा: प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स. रूपांतरात रंगाला हात लावू नका, फक्त फ्रेम रेट कॉन्स्टंट करा. झाल्यावर मीडियाइन्फोत बीटी.२०२० आणि एचएलजी हे शब्द टिकलेत का बघा. टॅग गळले असतील तर सॉफ्टवेअरला ते हातानं सांगावं लागतं.

पुढच्या वेळी मामेबहिणीला सांगा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करता येतं.

लिनक्सवासी

अवांतर आहे, पण याच धाग्यात विचारतो. लिनक्सवर डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घातली. फोनवरची फाइल आणली तर चित्रही नाही, आवाजही नाही. फाइल बिघडली आहे का?

टर्मिनलवाला

फाइल ठणठणीत असणार. लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीला एच.२६४ आणि एचईव्हीसी उघडता येत नाही, आणि एएसी (दाबून साठवलेला) आवाजही वाचता येत नाही. फोनच्या फाइलीत नेमकं हेच दोन असतं.

डीएनएक्सएचआर करा, एमओव्हीच्या पाकिटात, आवाज पीसीएम. ८ बिट फुटेजला एसक्यू किंवा एचक्यू प्रोफाइल पुरतं, १० बिटला एचक्यूएक्स. चित्र ठीक असून फक्त आवाज येत नसेल अशा फाइलीत चित्राला ‘कॉपी’ आणि आवाजाला पीसीएम एवढंच सांगा, काही सेकंदांचं काम.

लिनक्सवासी

झालं! दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो. मनापासून आभार.

पडद्यामागची

सगळ्यांना एक प्रश्न. प्रोरेसला जागा किती लागेल? ४०० जीबीत बसेल का? आणि टाइमलाइन ३० ठेवू की २९.९७?

जुनीकात्री

१९२०×१०८० ला २९.९७ फ्रेमवर प्रोरेस ४२२ चा दर साधारण १४७ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे तासाला ६६ जीबी. तुमच्या फोनचे दोन तास १३२ जीबी. हँडीकॅमचं ५० फ्रेमचं फुटेज तासाला ११० च्या आसपास, पस्तीस मिनिटांचे ६४ धरा. आयफोनची दहा मिनिटं एचक्यूमध्ये १६-१७. सगळं मिळून २१५ च्या आत. जागा कमी असती तर प्रोरेस एलटी सांगितलं असतं, ते तासाला ४६ जीबीच्या घरात आहे आणि बोलणाऱ्या माणसाच्या फुटेजला पुष्कळ झालं. तुम्हाला ४२२ परवडतंय, तेच घ्या.

फीतफिरकी

फ्रेम रेटबद्दल मी सांगतो. २९.९७ हा १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हाचा वारसा. रंगाची माहिती आणि आवाज यांची एकमेकांत ढवळाढवळ होऊ नये म्हणून ३० ला किंचित कमी केलं, नेमका आकडा ३०,००० भागिले १००१. फरक चिमूटभर वाटतो, पण २९.९७ चं फुटेज कुणी ३० समजून मांडलं तर तासाभरात ३.६ सेकंद सुटतात, म्हणजे १०८ फ्रेम.

तुमचं स्क्रीन रेकॉर्डिंग बरोबर ३० आहे आणि फोनचं तुम्ही आत्ता ठरवणार आहात. मग ३० च घ्या, सगळं एका मापाचं होईल. आणि पहिली क्लिप टाकण्याआधी टाइमलाइनचं सेटिंग तपासा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप येईल तिचाच फ्रेम रेट टाइमलाइनला लागतो आणि काही ठिकाणी तो नंतर बदलताही येत नाही. ५० ची हँडीकॅमची क्लिप चुकून आधी टाकलीत तर पूर्ण फिल्म ५० वर जाईल.

पडद्यामागची

चार दिवसांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा.

हँडीकॅमचे तीन तुकडे आधी सलग केले, मग डीइंटरलेस, मग १९२०. रेघा गेल्या. आजी तांब्याचं भांडं घासून दाखवते, त्यात तिचा हात किती भरभर चालतो ते मला आजवर नीट दिसलंच नव्हतं. ५० फ्रेमला तो हात अगदी खरा वाटतो.

आयफोनच्या क्लिपला एचएलजी सांगितल्याबरोबर चेहरा परत आला. कपाळावरच्या सुरकुत्या आहेत, सगळ्या.

फोनचं फुटेज दोन वेळा करावं लागलं. पहिल्यांदा फ्रेम रेट कॉन्स्टंट करायचं राहून गेलं होतं. फीतफिरकी आणि कात्रीकाका, तुम्ही सांगितलंत म्हणून तपासलं, नाहीतर तसंच पुढे गेले असते. दुसऱ्यांदा नीट झालं. सुरुवात बघितलीच नाही, सरळ चाळिसाव्या मिनिटावर गेले आणि एकेक फ्रेम पुढे नेली. झाकण खाली येतं, काठाला टेकतं, आणि आवाजाच्या पट्टीवरचं ते टोकदार शिखर त्याच फ्रेमवर उभं आहे. पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. शेजारी आजी बसली होती, तिला पण दाखवलं. ती म्हणाली, ही डबी तर तुझ्या आजोबांची. हे तिनं रेकॉर्डिंगमध्ये कुठेच सांगितलेलं नाही, त्यामुळे आता पुन्हा एकदा फोन लावून बसायचंय.

यावेळी फोनवर काय बदलू? आणि फिल्म पूर्ण झाल्यावर या प्रोरेस फाइली ठेवायच्या का?

जुनीकात्री

ताई, वाचून फार बरं वाटलं.

फोनसाठी: कॅमेऱ्याचं असं ॲप घ्या ज्यात फ्रेम रेट आणि शटर हातानं पक्कं करता येतं. खोलीत भरपूर उजेड ठेवा, उजेड कमी झाला की फोन फ्रेमा कमी करतो. एका दमात तासभर रेकॉर्ड करण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग करा. आणि आल्या आल्या मीडियाइन्फो. ॲप कॉन्स्टंट म्हणालं तरी फाइल काय म्हणते तेच खरं.

प्रोरेस फाइली फिल्म हातावेगळी होईपर्यंत ठेवा, मग खुशाल काढा. त्या मूळ फाइलींतून केव्हाही पुन्हा बनतात. फक्त कोणती सेटिंग वापरली ते एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून मूळ फुटेजशेजारी ठेवा, आणि नव्या फाइलींची नावं जुन्यांसारखीच ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट पुन्हा उघडलं तर सगळं आपापल्या जागी बसेल. मूळ फाइली मात्र दोन वेगळ्या डिस्कवर. कार्डाचं पूर्ण फोल्डर, आणि ती दोन ट्रॅकवाली एमकेव्हीसुद्धा.

फीतफिरकी

आणि डबीचं रेकॉर्डिंग करताना माइक डबीच्या जवळ ठेवा.